ओली भिंत
"रक्त आणि कान यांच्यामधली भिंत जन्मानंतर हळूहळू पक्की होते," डॉक्टरबाई गवंड्याला म्हणाल्या. "तुमच्या मुलीची अजून कच्ची आहे. औषध कानात झिरपलं तर तिचं ऐकणं जाऊ शकतं. नाही दिलं तर जंतुसंसर्गाने मुलगीच जाईल." ओल्या भिंतीवर स्लॅब टाकायला निघालेल्या मालकांशी तो वर्षानुवर्षं भांडत आला होता. "चार दिवस थांबता नाही येणार?" "तासभरही नाही." "द्या मग," तो कसाबसा म्हणाला. नर्स औषध भरू लागली तसा त्याने वरच्या मजल्यावर टाके सोसत पडलेल्या बायकोला फोन लावला आणि काचपेटीच्या झरोक्यातून मोबाइल बाळाच्या कानाशी धरला. "बोल तिच्याशी." "काय बोलू?" "काहीही. बोलत राहा." नळीतून औषध उतरू लागलं. काहीच ठाऊक नसलेली ती पलीकडून हसली. "अहो, एवढी कसली घाई? जन्मभर बोलायचंच आहे की!"