मामांचं स्टूल

"उद्या सव्वाचारला तुम्ही या स्टुलावर नसलात तर बरं होईल, मामा," मॅडम म्हणाल्या.

मामा म्हणजे कॉलेजचे शिपाई. मॅडम म्हणजे पोरं ज्यांच्याकडे मनातलं बोलायला येतात त्या. वरच्या मजल्यावर दारं दोनच. एक जुन्या उत्तरपत्रिकांच्या खोलीचं, दुसरं मॅडमचं. मधे मामांचं स्टूल, म्हणजे जकात नाकाच. आत जाणाऱ्याला मामा विचारायचे, डोक्याचा स्क्रू ढिला झाला का, किती नंबरचा पाना लागेल? डोळे पुसत बाहेर पडणाऱ्याला विचारायचे, आत कांदे चिरायला बसवलं होतं का? पोरं हसायची. निदान मामांना तरी तसं वाटायचं.

मॅडमचं बोलणं त्यांनी आधी चेष्टेवारी न्यायचा प्रयत्न केला. मॅडम हसल्या नाहीत. कुणीतरी तीनदा वेळ घेतली होती आणि तिन्ही वेळा अर्ध्या जिन्यातून परत गेलं होतं. वर मामा दिसले म्हणून. आता फोनवर चौथी वेळ ठरली होती. या खेपेलाही परत गेलं तर काही खरं नाही, एवढंच मॅडम बोलल्या. मामांनी नाव विचारलं. ते सांगायचं नसतं, म्हणाल्या.

त्या दुपारी मामांना डबा गेला नाही. कोण असेल? तो पान्याचा लंबू? की ती कांदेवाली? डोक्यात पोरांची रांगच लागली, आणि रांग काही संपेना. आजवर भल्याभल्यांच्या टोप्या उडवल्या होत्या. पण आपली मस्करी कुणाच्या जिवाशी येईल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला त्यांनी स्टूल उचलून उत्तरपत्रिकांच्या खोलीत कोंडलं आणि खाली आले. खरं तर तसंच पुढं निघून जायचं होतं. पण पाय निघेना. जिन्याच्या तोंडाशी थांबावं, जे कोणी येईल त्याला हात जोडावेत, म्हणावं, चुकलो रे बाबा, वर कुणी नाही, बिनघोर जा. वाक्य दोनदा घोकूनही झालं.

सव्वाचारला पाच मिनिटं असताना त्यांची थोरली आली. इथंच दुसऱ्या वर्षाला होती. बापाला बघून जागच्या जागी उभी राहिली.

आता नेमकी ही कशाला तडमडली, असं मामांना झालं. "पळ, पळ इथून," ते हळूच म्हणाले, "कुणीतरी यायचंय."

ती हलली नाही. खाली मान घालून पायरीकडं बघत राहिली. मामांना कळायला तेवढा वेळ लागला.

घोकलेलं वाक्य तोंडातून फुटेना. मस्करी तर एकही सुचेना. ते अंग चोरून भिंतीला टेकले, तिला वाट करून दिली. "मी पलीकडच्या इमारतीत चाललोय," कसंबसं म्हणाले. "लवकर नाही यायचो."

ती त्यांच्या शेजारून वर गेली. चार पायऱ्या चढून थांबली. मागं न बघताच बोलली.

"बाबा, आज जेवताना इथल्या पोरांच्या गमती सांगू नका. मला हसावं लागतं."