आबांच्या घासाशेजारची वाइन

योगराजने वाइनचा घोट तोंडात घोळवला आणि वर भरिताचा घास घेतला. जमलं नाही. हिरव्या मिरचीने वाइन घशात पेटल्यासारखी झाली.

"माय, मिरची कमी कर. शेंगदाना वाढव."

कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेलं दुसरं वांगं बेबाबाईने ठेचायला घेतलं.

आज आबांचा दहावा. अंजनी नदीच्या काठी पिंडाशेजारी भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि द्रोणभर वाइन ठेवायची, असा योगराजचा हट्ट होता. भावकीने नाकं मुरडली. पण एकुलत्या एका लेकापुढे कोण बोलणार?

एरंडोलजवळचं त्यांचं टेकाड म्हणजे नुसता काळा दगड आणि मुरूम, कुठल्या काळच्या लाव्ह्याचा. तिथे कुसळही धड उगवत नसे. चार वर्षांपूर्वी योगराजने तिथे वाइनची द्राक्षं लावायची ठरवली. आबा भडकले, तोही उलटून बोलला आणि बापलेकांचं बोलणं तुटलं. तुटलं म्हणजे आपल्याकडे तुटतं तसंच. घर एक, पंगत एक, फक्त निरोप मायच्या तोंडून. पुढे बाग उभी राहिली, तरी आबांनी एकदा मनापासून होकार द्यावा असं त्याला फार वाटे. दर हंगामात तो मायला विचारायला धाडी. ती ओसरीवर आबांकडे जाऊन परत येई.

"त्या नही म्हनतस."

गेल्या दिवाळीत नाशिककडच्या वायनरीतून त्याच्या द्राक्षांच्या पहिल्या बाटल्या आल्या. आबांनी एक घोट चाखावा, एवढंच त्याचं मागणं होतं. बेबाबाई पेला घेऊन गेली आणि भरलेलाच परत घेऊन आली. त्या दिवशी योगराज गोठ्यात जाऊन रडला. बापाचा इतका राग त्याला कधीच आला नव्हता.

आता राग कुणावर काढायचा?

दुसऱ्या भरिताचा घास त्याने हळूहळू चावला आणि घोट घेतला. जांभळाचा आंबटपणा आला, मग जीभ आवळली, कच्च्या केळाची साल चावल्यावर आवळते तशी. शेंगदाण्याच्या तेलाने ती सैल झाली. वांग्याचा धूर मागे राहिला आणि त्याच्याखालून तापल्या काळ्या दगडावर पाणी मारल्याचा वास वर आला. टेकाडाचाच वास होता तो. असा घास आबांनी नाकारला नसता, असं त्याला वाटलं.

"हाई बरोबर शे, माय," तो म्हणाला. बेबाबाईने तोंड फिरवून चूल विझवली.

काठावर पिंड मांडले गेले. बाभळीवर एकच कावळा होता. तो खाली बघत होता, पण उतरत नव्हता. अर्धा तास गेला. चुलतभाऊ कुंदन पुढे झाला आणि मायला सांभाळू, असं हात जोडून म्हणाला. कावळा हलला नाही. तास झाला. ऊन चढलं, लोक चुळबुळ करायला लागले.

"द्राक्षंच नको असतीन त्यास्ले," कुंदन योगराजच्या कानाशी म्हणाला.

योगराजला ते ठाऊकच होतं. चार वर्षं जपलेल्या वेली त्याच्या डोळ्यांपुढे आल्या. तो गुडघ्यांवर बसला.

"आबा, बठ्ठी बाग उपटी टाकसू. तुम्हनी आन."

सगळ्यांनी बाभळीकडे पाहिलं. कावळ्याने पंख झाडले आणि तो तिथेच बसून राहिला.

मागे बायकांत बसलेली बेबाबाई उठली. कुणीतरी तिला धरायला गेलं, तर तिने हात सोडवून घेतला. ती पिंडासमोर येऊन बसली. लेकाकडे तिने पाहिलंच नाही.

"आते तरी घास ल्या," ती खालच्या आवाजात म्हणाली. "दर खेपे तुम्हनी 'हां'च व्हती. मन्हा भाऊले दारूनी खाधं, म्हनीसन पोऱ्यापावत ती मी जाऊ दिधी नही."

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा खाली उतरला.