उजवा कौल

देवीच्या मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांपैकी उजवी पाकळी गळाली आणि मी कृतार्थ झालो. "सूनबाई, देवीचा होकार मिळाला! तुझ्या कोकम सरबताचे नाव 'अरुणिमा'. आता आणखी कुणाची अनुमती हवी?"

"वकिलांची, मामंजी," मृणालिनी हसून म्हणाली. "हे नाव आधीच दुसऱ्या कुणाचे नाही ना, ते पाहायला हवे."

पुढल्या सोमवारी वकिलांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. "सरबतासाठी या नावाचा अर्ज गेल्या बुधवारीच दाखल झाला आहे. अर्जदार, विश्राम खोत."

कौल आम्ही मंगळवारी लावला होता. कौल मागताना नाव मोठ्याने उच्चारावे लागते, आणि त्या वेळी मंदिराचे विश्वस्त खोत आमच्यामागेच हात जोडून उभे होते.

मंदिरात गेलो, तर खोत तीर्थ देत होते. "आबा, रागावू नका. सूनबाईंनी सरबत करावे, मी विकतो. देवीचीच इच्छा!" त्यांनी पळी पुढे केली. मला त्या हाताची किळस आली. जन्मात प्रथमच मी तीर्थासाठी तळहात पुढे केला नाही.

"चला, मामंजी," मृणालिनी म्हणाली. "नवे नाव शोधू. या वेळी देवीला ते मनातल्या मनात सांगू."