पितळी चिमटा

संग्रहालयाच्या तळमजल्यावर काचेच्या पेटीत डोकं मोजायचा एक पितळी चिमटा होता. परक्या साहेबांचं राज्य होतं तेव्हा ते इथल्या माणसांची डोकी त्याने मोजायचे आणि कोणी कारकुनी करायची, कोणी ओझी वाहायची ते ठरवून टाकायचे. संग्रहालयात सफाई करणाऱ्या मावशीच्या पणजोबांच्या वाट्याला ओझी आली. मावशीच्या वाट्याला फडकं आणि बादली.

रोज संध्याकाळी ती चिमटा पुसून मिटवायची, पेटीला कुलूप लावायची. रोज सकाळी तो उघडा दिसायचा.

"उन्हाने पितळ पसरतं हो, मावशी," अधिकारी म्हणायचे.

मावशी मान डोलवायची. तिथे उन्हाचा कवडसाही येत नव्हता.

आज तिची लेक वरच्या मजल्यावर अधिकाऱ्याच्या जागेसाठी मुलाखतीला आली होती. पहिल्या नंबराने पास झालेली पोर. मावशीने सकाळीच चिमटा मिटवून दोऱ्याने करकचून बांधला, कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत धरून बसली.

दहा मिनिटांत लेक जिना उतरली.

"इतक्यात झालं?"

"काही विचारलंच नाही गं. नुसते बघत बसले. म्हणाले, सफाईत एक जागा आहे, ती तुला जमेल." ती कपाळ चोळत होती. "आणि डोकं कशाने ठणकतंय, कोण जाणे."

मावशीने पेटीकडे पाहिलं. कुलूप होतं. दोऱ्याची गाठही सुटली नव्हती. चिमटा उघडा होता.

तिने लेकीचे केस मागे सारले. दोन्ही कानशिलांवर मसुराएवढे गोल वळ उठले होते. तिने ते कोऱ्या फडक्याने हलकेच पुसले.

फडक्याला पितळेचा वास आला.