पिसाऱ्यातला पत्ता

लेक रेवा दुपारची झोपली की माझी कोलाजची वही उघडते. जुन्या लग्नपत्रिका कापून मी मोराचा पिसारा चिकटवत होते, तेवढ्यात सासूबाई आल्या.

"अगं, उद्याच्या लग्नाची पत्रिका कुठेय? कार्यालयाचा पत्ता बघायचाय."

माझी कात्री थांबली. गठ्ठ्यातली ती सगळ्यांत चकचकीत, मोरपंखी पत्रिका त्यांच्या भाच्याची होती! मुहूर्त मोराच्या मानेत गेला होता, पत्ता पिसाऱ्यात. वहीला 'कागदांचा पसारा' म्हणणाऱ्या त्या आता ती बंदच करायला लावतील, या धास्तीने मी पान पुढे केलं.

"आणि गणपती? तोही चिकटवलास?"

"नाही हो आई, तो देव्हाऱ्यात ठेवलाय."

त्यांनी चष्मा लावला, वही आडवी-उभी फिरवून पत्ता वाचला. मग बराच वेळ मोराकडेच बघत राहिल्या. "वही पिशवीत घाल. उद्या पत्ता लागेल," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कार्यालय सापडलं, तरी वही पिशवीत परत गेली नाही. त्या एकेका बहिणीला पान दाखवत होत्या.

"आमच्या सूनबाईंनी केलंय. हात नाही लावायचा हं, लांबूनच बघा!"