येताना प्लेट आणावी

निवेदिता चर्चमागच्या हॉलमध्ये रिकामी प्लेट घेऊन शिरली. शेजारच्या ग्लेनिसने दिलेल्या पत्रकात तसेच लिहिले होते: महिन्याचा पहिला रविवार, उपासनेनंतर एकत्र जेवण, येताना प्लेट आणावी. निवेदिताचे सारे शिक्षण इंग्रजीत झाले होते, त्यामुळे वाक्याच्या अर्थाविषयी तिला शंका आली नव्हती. प्लेट चिनी मातीची होती, निळ्या काठाची, या प्रसंगासाठी मुद्दाम धुऊन पुसलेली.

लांब टेबलावर अंड्याची सँडविचेस, क्विश आणि पावलोवा मांडलेले होते, आणि प्रत्येक बाई आपली भरलेली प्लेट त्यांत आणून ठेवीत होती. या देशात प्लेट आणणे म्हणजे काहीतरी करून आणणे, हे तिच्या ध्यानात आले तेव्हा परत फिरण्याची वेळ टळली होती. ग्लेनिस हात पुसत तिच्याकडेच येत होती.

"आण इकडे," कोणीतरी मराठीत म्हणाले.

सुती साडीवर जाड कार्डिगन घातलेल्या एका वयस्क बाईंनी तिच्या हातातली प्लेट घेतली आणि आपल्या डब्यातल्या डझनभर सांजोऱ्या तीत भराभर मांडल्या. ग्लेनिस पोहोचली तेव्हा प्लेट भरलेली होती.

"किया ओरा, निवेदिता," ग्लेनिसने इथला नमस्कार केला. "हे तू केलंस?"

"हिनेच," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "पहाटे उठून." मग मराठीत, हळूच, "हस की गं. मीपण पहिल्यांदा रिकामीच आणली होती. तीही स्टीलची, वर नवऱ्याचं नाव घातलेली."

निवेदिता हसली. नोकरीसाठी या गावात येऊन तिला दोन महिने झाले होते, आणि घराबाहेर मराठी आज प्रथमच कानांवर पडत होती.

"मावशी, वाचवलंत मला." तिने प्लेटमधली एक सांजोरी उचलून घास घेतला. "तुमचं नाव?"

"शकुंतला. इथे सगळे शकुच म्हणतात."

"आणि आडनाव?"

इथवर ते सौजन्य होते. मराठी चौकशीला मात्र उतार असतो. एकदा सुटली की ती तळ गाठूनच थांबते.

"गायकवाड."

"म्हणजे बडोद्याकडचे?"

"कुठलं बडोदं," शकुबाई हसल्या. "नगरकडचे. गावकुसाबाहेरचे. आजा मिशनच्या शाळेत गेला, तेव्हापासून चर्च."

निवेदिताच्या तोंडात घास होता.

येथे एक तपशील नोंदवणे न्याय्य ठरेल. निवेदिता आपल्या कंपनीच्या समावेशकता समितीची सदस्य होती. 'आपल्यातला भेदभाव ओळखा' या विषयावर तिने गेल्याच आठवड्यात चाळीस मिनिटे विवेचन केले होते. त्यात जातीवरही एक स्लाइड होती, आणि ती तिने प्रामाणिकपणे केली होती. म्हणूनच कागदी रुमालाकडे जाणारा स्वतःचा हात तिने पाहिला, तेव्हा तो तिला दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला. त्या हाताने तोंड टिपल्यासारखे केले, घास रुमालात काढला, उरलेली सांजोरी त्यातच गुंडाळली आणि सिंकखालच्या खरकट्याच्या बादलीत टाकली.

"छान झाल्यात," ती परत येऊन म्हणाली. 'मावशी' म्हणायचे राहून गेले.

टेबलावरून सर्वांत आधी सांजोऱ्याच संपल्या. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तीन घेतल्या. ग्लेनिसने कृती विचारली. जो पदार्थ आपल्या घशाखाली उतरला नव्हता, त्याची कृती निवेदिताने वेलचीच्या प्रमाणासह दोनदा सांगितली. शकुबाई शेजारी उभ्या राहून कौतुकाने मान डोलवत होत्या.

जेवण उरकल्यावर भांडी घासायला सगळ्या सिंकपाशी जमल्या. निवेदिताने पुसायचे फडके घेतले.

"शकु, तुझ्या कोंबड्यांची बादली विसरू नकोस," ग्लेनिस म्हणाली आणि पुसलेल्या बश्या घेऊन कपाटाकडे गेली.

बादलीवर चिठ्ठी चिकटवलेली होती. घाईत निवेदिताने ती वाचली नव्हती: 'शकुच्या कोंबड्यांसाठी. कागद टाकू नये.'

शकुबाईंनी बादली ओढली. वरच पांढरा रुमाल दिसला. कागद कोंबड्यांना बाधतो, म्हणून त्यांनी तो बाहेर काढला, आणि तो त्यांच्या हातात उलगडला. दातांच्या खुणा असलेली अर्धी सांजोरी. शेजारी चावलेला घास.

दाढ दुखते, असे म्हणता आले असते. तूप चालत नाही, असेही. निवेदिताजवळ दोन्ही भाषांत कारणे तयार होती. शकुबाईंनी सांजोरी बादलीत झटकली आणि कागद कचऱ्यात टाकला. मग निळ्या काठाची प्लेट साबणाने घासली, धुतली, पुन्हा एकदा घासली, पुन्हा धुतली आणि कोरडी केली.

"भांडं रिकामं परत द्यायचं नाही, असं आमच्यात असतं," त्या म्हणाल्या. "तुमच्यातही असेल."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. चर्चच्या कुंपणालगत फिजोआचे झाड होते. एप्रिल महिना; खाली हिरव्या फळांचा सडा पडला होता. निवेदिताने प्लेट घ्यायला हात पुढे केला. शकुबाईंनी ती तिच्या हातात न देता ओट्यावर ठेवली आणि बोटाने तिच्याकडे सरकवली.

"फळं आहेत तिथे. तुमची तुम्हीच उचला. माझा हात लागायला नको."

निवेदिता बाहेर गेली आणि झाडाखाली वाकली. खिडकीतून ग्लेनिसने तिला पाहिले आणि आनंदाने हात हलवला. "घे, घे, ढीगभर आहेत. हवी तेवढी ने."

प्लेट केव्हाच भरली होती. निवेदिता अजून वाकलेलीच होती.