नकाशा न काढता

"वापरकर्त्यांची यादी मशीनवर चढवण्याआधी डिस्कचा नकाशा काढायचा, कुणाची जागा कुठे आहे त्याचा. एकाच जागेवर दोन नावं पडली तर मशीन तक्रार करत नाही. जो नंतर लिहितो, त्याचंच राहतं." सरांनी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिला बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. खोलीभर मशीन, आणि एवढं कळत नाही त्याला?

आज बाळंतपणाची रजा संपवून ती आली, तर तिच्या खुर्चीत एक नवी मुलगी बसलेली. खुर्चीची उंचीही बदललेली.

"पोरगी चटपटीत आहे हं," सर म्हणाले. "तुझी आठवणसुद्धा येऊ दिली नाही."

तिने घरी फोन लावला. "काही काळजी करू नका, ताई," बाळाला सांभाळणारी म्हणाली. "तुम्ही गेल्यावर रडलासुद्धा नाही. मला चिकटून झोपलाय."

नवी मुलगी मशीनच्या वापरकर्त्यांच्या यादीत एक नाव वाढवत होती. नाव, पासवर्ड, डिस्कवरची जागा कुठून कुठपर्यंत. "ताई, नकाशा काढत बसले तर जेवायची सुट्टी जाईल. तुम्हाला म्हणे सगळे आकडे तोंडपाठ आहेत. जरा नजर टाकता?"

तिने नजर टाकली. नव्या नावाची जागा थेट सरांच्या जागेत घुसली होती. तिथे त्यांची अठ्ठावीस वर्षांची टिपणं होती. निवृत्तीनंतर त्यांना त्या टिपणांचं पुस्तक करायचं होतं. साऱ्या ऑफिसच्या प्रती काढून ठेवणाऱ्या सरांनी स्वतःच्या टिपणांची प्रत कधी काढली नव्हती.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "चढव."

मशीनने चकार शब्द काढला नाही. मग नवीने ती जागा पुसून कोरी केली, नव्या माणसाला देतात तशी.

जेवण करून आलेल्या सरांनी टिपणं उघडायला घेतली. दोनदा. मग यादी उघडली. मग मान वर केली.

"चूक माझी, सर," नवी उभी राहिली. "मीच नकाशा काढला नाही." ताईकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. सरळ बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली.

पाऊण तास झाला. आत नळ वाहतोय. सर कोऱ्या पडद्यासमोर बसून आहेत. खुर्ची रिकामी आहे, आणि ही ताई खुर्चीची पाठ धरून उभी आहे.

तुम्ही त्या बाजूला जात असाल, तर जरा दार वाजवून नवी बरी आहे का बघा हो. हिचा हात काही उठत नाहीये.